श्योपूर पलंगाखाली गेलं

आमची मधली खोली दहा बाय बाराची आहे, असं मी लग्न झाल्यापासून सगळ्यांना सांगत आलो. रंगाऱ्याला सांगितलं, गादीवाल्याला सांगितलं, एकदा भाडेकरू ठेवायचा विचार होता तेव्हा त्यालाही सांगितलं. गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा टेप धरली, तर खोली ९ फूट ७ इंच बाय ११ फूट ४ इंच निघाली. तीही एका भिंतीने. समोरच्या भिंतीने ११ फूट १ इंच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर आमचं. पणजोबांच्या वेळच्या कारागिराने काटकोन नुसत्या नजरेने धरला असावा, आणि तोही जेवण झाल्यावर. हे तीन इंच इतकी वर्षं कुणाला लागले नव्हते. मला लागले, कारण मला तिथे रेल्वे बसवायची होती.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि खोली मोकळी झाली. "बाबा, तिथे तुमची हॉबी रूम करा ना," असं तो फोनवर म्हणाला. फोन स्पीकरवर होता, तिथेच घात झाला. त्याच दुपारी हिने लोखंडी कपाट, तीन गाद्या, गौरींच्या मुखवट्यांची पेटी आणि शिलाई मशीन त्या खोलीत हलवलं. "तुमचं ते सुरू होईस्तोवर," ही म्हणाली. ही बडोद्याची. गायकवाडांच्या गावची माणसं शिंद्यांच्या गावात तीस वर्षं नांदली तरी मुक्कामाला आल्यासारखी राहतात, पण जागा मात्र मालकाच्या हक्काने अडवतात.

माझे आजोबा शिंदे सरकारच्या छोट्या लाइनवर गार्ड होते. ग्वाल्हेर ते श्योपूर, दोन फुटांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि लांबी जवळजवळ २०० किलोमीटर. मोतीझील, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ ही स्टेशनं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. २०२० साली ती गाडी बंद पडली, मोठी लाइन टाकायची म्हणून. ती मला घरात परत सुरू करायची होती. एवढंच.

आणि ग्वाल्हेरच्या माणसाने घरात रेल्वे चालवणं यात नवल ते काय? शिंद्यांच्या जय विलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावरून चांदीची आगगाडी फिरायची, ब्रँडी आणि सिगार घेऊन. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची. लहानपणापासून मी ती डझनभर वेळा पाहिली असेन, पण तिचं मर्म त्या मे महिन्यात कळलं. महाराजांनी खोलीत बसेल एवढी गाडी केली नव्हती, गाडीला पुरेल एवढी खोली त्यांच्याकडे आधीपासून होती.

मग मी हिशोबाला बसलो. या छंदात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी गाडी. त्याप्रमाणे श्योपूर ग्वाल्हेरहून २ किलोमीटर ३०० मीटरवर आलं. खोली साडेतीन मीटरसुद्धा नाही. ठीक आहे, सगळेच अंतर आखडतात, मीही आखडलं. मधली सगळी स्टेशनं गाळून फक्त सबलगढ ठेवलं, कारण तिथे आईचं आजोळ.

छोट्या लाइनचे डबे बाजारात मिळेनात, म्हणून मोठ्या लाइनकडे वळलो. आपला जुना निळा प्रवासी डबा २१ मीटरच्या थोडा वर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. चोवीस डब्यांची गाडी केली तर सहा मीटर. इंजिन आमच्या भिंतीला टेकलं की गार्ड शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. चार डब्यांवर तडजोड केली.

खरी गंमत वळणाची. लांब डबा आखूड वळणावर घातला की पोट आत काढतो, दोन्ही टोकं बाहेर फेकतो आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला धक्का मारतो. लग्नाच्या पंगतीत जाडे काका वळतात तसंच. म्हणून जाणते लोक सांगतात, वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट घ्या. म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर. म्हणजे गाडी नुसती माघारी फिरायलाच दीड मीटर, जवळपास पाच फूट. तेही दोन्ही टोकांना. मी फरशीवर सुतळी आणि खडूने अर्धवर्तुळ काढत होतो. ही दारातून बघत होती.

"सुतळी सैल पडतेय," ती म्हणाली. "रांगोळीला आम्ही खिळा ठोकतो मधे."

खिळा ठोकला. वर्तुळ सुरेख आलं. मग ती त्या वर्तुळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, या कोपऱ्यात गाडी पडली तर उचलणार कशी?"

हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता, हे इथे कबूल करतो. माणसाचा हात टेबलावरून फार तर अडीच फूट पोचतो. आणि गाडी रुळावरून घसरते ती हात पोचत नाही तिथेच, हे सांगायला कुठलाही छांदिष्ट लागत नाही. यावर उपाय म्हणजे टेबलाच्या मधोमध भोक ठेवायचं आणि चालकाने त्यात उभं राहायचं. भोकात जायचं कसं, तर टेबलाखालून, ओणवं होऊन. माझे गुडघे या योजनेत सहभागी नव्हते.

पुलाचाही विचार केला. एक लाइन दुसरीवरून न्यायची तर रूळ साडेसात सेंटिमीटर वर चढवावा लागतो. बेताचा चढ म्हणजे पन्नासाला एक. हिशोब केला, पावणेचार मीटर झाले. म्हणजे गाडी वर पोचायच्या आत खोली संपत होती. बोरघाटात ३७ ला एक असा चढ आहे, तसा घेतला तर पावणेतीन मीटरमध्ये भागतं. पण तिथे मागून आणखी इंजिनं लावून गाडी ढकलतात. माझ्याकडे एक इंजिन होतं, आणि तेही अजून कागदावर.

तरी शेवटी नकाशा जमला. रद्दीच्या पेपरांवर स्केच पेनने मापाबरहुकूम रूळ काढले, पेपर फरशीवर चिकटपट्टीने जोडले. इकडे ग्वाल्हेर, पलीकडे श्योपूर, मधे सबलगढ आणि मी. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर ४६ डिग्री. आई काठी टेकत आली, "अरे, घामाघूम झालायस की," म्हणाली आणि मायेने कूलर लावला.

चिकटपट्टी कूलरच्या वाऱ्याच्या मापाची नव्हती. ग्वाल्हेर कपाटावर गेलं. सबलगढ आईच्या पायाशी आलं. श्योपूर थेट पलीकडच्या खोलीत जाऊन पलंगाखाली गेलं, आणि काढायला मला शेवटी ओणवं व्हावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. आठ बाय चारचा प्लायवुड आमच्या जिन्याच्या वळणातून वर चढेना. दीड मीटर त्रिज्येचा तो जिना असता तर चढला असता, असं मी मनात म्हटलं. मिस्त्रीने तो खालीच कापला, वर आणून जोडला आणि मजबुती दाखवायला स्वतः वर उभा राहिला. जय विलासच्या झुंबरांसाठी छतावर हत्ती चढवून पाहिले होते म्हणतात. आमच्याकडे मिस्त्रीवर भागलं. मग उतरून तो म्हणाला, "बाबूजी, टेबल तो बढ़िया है, पर दरवाज़ा?"

दरवाजा आत उघडतो. शंभर वर्षं आतच उघडतोय. आम्ही दोघं आत होतो, टेबल आत होतं, आणि दार पाव उघडून टेबलाला लागत होतं. मिस्त्री सडपातळ, तो निघाला. मी पोट आत घेतलं तरी टोकं अडकली.

टेबल मोडलं. त्यातून निघाली पाच फूट बाय एक फुटाची फळी. ती शिलाई मशीनच्या वर, भिंतीला. एवढ्या जागेतही रेल्वे होते बरं का. अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज गृहस्थाने तीन फाट्यांचं एक यार्ड शोधून काढलंय. एका फाट्यावर पाच वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मावतात, बाकी दोघांवर तीन-तीन. एकूण आठ वाघिणी. त्यातल्या कुठल्याही पाच, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने लावून दाखवायच्या. तऱ्हा होतात ६७२०. वळण नाही, चढ नाही, आणि हात सगळीकडे पोचतो.

आणि इथे पुन्हा छोटी लाइन आठवली. वाघिणी मी पुठ्ठ्याच्या स्वतःच करणार होतो, मग मोठ्या लाइनची सक्ती कशाला? आपल्या दोन फुटांचे १:८७ ने होतात ७ मिलिमीटर. तसे रूळ मिळाले नाहीत, मिळाले ९ मिलिमीटरचे. मागवले, बसवले आणि मग उलटा हिशोब केला. ९ मिलिमीटर म्हणजे खरे अडीच फूट. अडीच फुटांची लाइन आमच्या शिंद्यांची नव्हे. ती गायकवाडांची. बडोद्याजवळच्या डभोईची.

हे मी हिला सांगायला नको होतं.

"म्हणजे आमची गाडी!" ती मशीन थांबवून म्हणाली. "डभोई ते मियागाम. १८६२. शाळेत होतं आम्हाला. सुरुवातीला बैल ओढायचे."

त्या संध्याकाळी इंजिनाचं पार्सल आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि तिसऱ्या दिवशी लाइटच गेली. मी मेणबत्ती घेऊन खोलीत गेलो तर फळीवर पाच वाघिणी अगदी चिठ्ठीतल्या क्रमाने लागलेल्या. पुढे पोळ्याचे मातीचे दोन बैल, दोऱ्याने बांधलेले. एकाचं शिंग आईने गेल्या वर्षी फेविकॉलने चिकटवलंय.

मी बैल मोजला. १० सेंटिमीटर. म्हणजे खऱ्या मापाने ८ मीटर ७० सेंटिमीटर, दुमजली घराच्या गच्चीवरून वाकून चारा खाईल एवढा. हिला सांगितलं.

"गायकवाडांचे बैल आहेत," ती म्हणाली. "असणारच."