मनगट दुखतंय, पण गोम टेबलात आहे

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. मनगट दुखत असेल तर चारच गोष्टी करा म्हणे: जेलच्या उशीवर मनगट टेकवून टाइप करा, कीबोर्डचे मागचे पाय उघडा, दिवसभर मनगटाला पट्टा बांधा आणि काटकोनात ताठ बसा. टाकणारे काका मनाने चांगले, आणि निम्मी सोसायटी माइंडस्पेस नाहीतर महापेच्या ऑफिसांत कॉम्प्युटरवर कामाला, त्यामुळे खाली अंगठ्यांचा पाऊस. पण चारातल्या दोन गोष्टी दुखणं वाढवतील.

आधी उशी. मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या ९ दोऱ्या आणि एक नस (मज्जातंतू) जाते. मनगट उशीवर रेटून ठेवलं की भार नेमका या बोगद्यावर येतो. जेल मऊ आहे म्हणून तो नाहीसा होत नाही. शिवाय मनगट एका जागी खिळलं की कीबोर्डवरची लांबची कळ गाठायला ते तिरकं वळवावं लागतं. उशी हवीच तर टाइप करायचं थांबल्यावर, आणि तळव्याच्या गादीखाली.

कीबोर्डचे पाय मिटून टाका. ते उघडले की पंजा मागे वाकतो आणि त्याच बोगद्यातला दाब वाढतो.

आता काटकोन. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवतं. घरचं जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच. माझी उंची ५ फूट १ इंच. १७ इंचांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले की माझं कोपर जमिनीपासून जेमतेम २६ इंचांवर येतं. हे ४ इंच कितीही ताठ बसून भरून निघत नाहीत. मग खांदे कानाकडे चढतात, नाहीतर मनगट टेबलाच्या कडेवर रुततं. मी खुर्चीवर गोधडीच्या घड्या घातल्या आणि पाय लोंबकळू लागले म्हणून खाली पाट ठेवला. (सासूबाईंनी पाटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत.) कोपर कळांच्या उंचीला आलं की मनगट आपोआप सरळ राहतं. पाठ थोडी मागे रेललेली चालते.

लॅपटॉपवर तर काटकोन जमतच नाही, कारण पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या. मान वाचवायला तो उचलावा तर हात वर जातात. त्यावर उपाय एकच: लॅपटॉप डब्यांवर चढवायचा आणि वेगळा कीबोर्ड-माउस खाली घ्यायचा. माउस कीबोर्डला चिकटून हवा, हात लांबवावा लागता कामा नये.

पट्ट्याचं म्हणाल तर नुसता इलॅस्टिकचा पट्टा मनगट सरळ धरत नाही. सरळ धरणारा कडक पट्टा डॉक्टर बहुधा रात्री बांधायला सांगतात, कारण झोपेत मनगट दुमडलं जातं.

आणि मेसेजमध्ये मोबाइल कुठेच नाही! दिवसभर कळा बडवून ठाणे लोकलमध्ये उभ्याने एका अंगठ्याने रील सरकवायचे, मग अंगठ्याच्या मुळाशी कळ आली की दोष ऑफिसच्या कीबोर्डला.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल आणि करंगळी मात्र ठीक असेल, तर बोगद्यातली ती नस दबल्याची शक्यता मोठी. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांत हे जास्त दिसतं. तिथे गोधडी आणि पाटावर भागत नाही, डॉक्टरांना हात दाखवावा लागतो.