आपल्याच खात्याच्या नोंदी आपल्याला नीट का मिळत नाहीत?

गेली सहा वर्षं मी घरचा जमाखर्च ग्नूकॅशमध्ये ठेवतोय. सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त आहे, आणि पद्धत कॉमर्सला शिकवतात तीच, दुहेरी नोंदीची. त्यामुळे पैसे कुठून निघाले आणि कुठे गेले, दोन्ही लिहावंच लागतं. हिशेब ठेवण्याचा मला कधीच कंटाळा येत नाही. जीव जातो तो बँकेतल्या नोंदी त्यात आणताना.

गेल्या रविवारी आईच्या खात्याचं अख्खं वर्ष घेतलं. बँकेच्या साइटवरून ‘एक्सेल’ उतरवलं. वरच्या वीसेक ओळी पत्ता, शाखा, आयएफएससी यांनीच भरलेल्या. त्या काढल्या. रकमेत स्वल्पविराम, तेही काढले. मग तारखा. माझ्या कॉम्प्युटरने महिना आधी धरला, त्यामुळे ५ एप्रिलचं लाइट बिल ४ मेला जाऊन बसलं आणि १३ एप्रिलची नोंद तारीख म्हणून ओळखलीच गेली नाही, कारण तेरावा महिनाच नसतो. ती एक ओळ अडली म्हणून चूक कळली. नाहीतर सगळं वर्ष उलटसुलट झालं असतं.

यूपीआयच्या नोंदींत बारा आकडी नंबर आणि अर्ध्यात तुटलेलं एक नाव. सात-आठ वेळा एकच अनोळखी नाव दिसलं तेव्हा आईला हाक मारली. ती चष्मा लावून बघत म्हणाली, “अरे, हा आपला नारळवाला. कोड त्याच्या मुलाच्या नावावर आहे.”

यावर उपाय नाही असं नाही. मायक्रोसॉफ्ट, इंट्युइट आणि चेकफ्री यांनी १९९७ मध्ये ओएफएक्स नावाची फाइलची पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे तीच फाइल चुकून पुन्हा घेतली तरी नोंदी दुबार होत नाहीत. ग्नूकॅश ती वाचतं. आमच्या घरात तीन बँकांची खाती आहेत, एकही बँक ती देत नाही.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. २०२१ पासून आपल्याकडे अकाउंट अ‍ॅग्रीगेटर सुरू आहे. तुम्ही संमती दिलीत की कर्ज देणाऱ्याला तुमच्या खात्याच्या नोंदी कॉम्प्युटरला वाचता येतील अशा स्वरूपात मिळतात. पण ही माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी अशा एखाद्या नियामकाच्या देखरेखीखालची असावी लागते. घरी बसून स्वतःचा हिशेब लिहिणारा खातेदार त्यात बसत नाही. म्हणजे माझ्या नोंदी सावकाराला स्वच्छ मिळणार, आणि मी पीडीएफचा पासवर्ड टाकत बसणार. हे मला अजिबात पटत नाही.

या त्रासापायी बरेच जण स्टेटमेंट कुठल्यातरी साइटवर चढवून दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये बदलून घेतात. कृपा करून असं करू नका. कुठल्या डॉक्टरकडे जाता, कोणाला दरमहा पैसे पाठवता, सगळं त्या कागदात असतं.

मागणी मोठी नाही. तारीख २०२५-०४-०५ अशी वर्षापासून लिहिलेली, रक्कम स्वल्पविरामाशिवाय, प्रत्येक नोंदीला एक न बदलणारा क्रमांक. तिन्ही बँकांना मी हे लेखी कळवलंय.

रात्री साडेनऊला आईच्या खात्याची ३१ मार्चची शिल्लक पासबुकाशी पैशापर्यंत जुळली. पुढच्या रविवारी बाबांचं खातं घ्यायचंय. त्यांची बँक फक्त पीडीएफ देते.