लाइव्हचा नाद सोडा, फाइल वाटा

फिल्म क्लब असो, वाचनालय असो की गणेश मंडळ. मुक्त परवान्याच्या शॉर्ट फिल्म्सचा फुकट ऑनलाइन महोत्सव भरवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘लाइव्ह कशावरून करायचं?’ आमचं म्हणणं, करूच नका. उद्घाटन लाइव्ह करा, नंतरची चर्चा लाइव्ह करा, फिल्म नको. जिच्या परवान्यातच ‘घ्या, वाटा, बदला’ असं लिहिलंय ती फिल्म सातला सुरू करून आठला गायब करायची, म्हणजे भंडाऱ्याला बोलवून दारात कुपन मागायचं.

आधी हिशोब बघा. 720पीचं लाइव्ह साधारण 2500 केबीपीएसला (सेकंदाला इतके किलोबिट) चालतं. आवाज धरून 68 मिनिटांच्या कार्यक्रमाला प्रत्येक प्रेक्षकाचा 1.3 जीबी डेटा जातो. रोजचं दीड जीबीचं पॅक मारणाऱ्या पोराचा दिवस तिथंच संपला. तोच कार्यक्रम 480पीच्या नीट बनवलेल्या फाइल्समध्ये साडेचारशे एमबीत बसतो, आणि एकदा उतरवला की घरातली चार माणसं चार वेळा बघतात. नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज येते-जाते. तिथं लाइव्ह म्हणजे गोल फिरणारं चक्र. फाइल मात्र रात्रभरात हळूहळू उतरते, नाहीतर पेनड्राइव्हवर जाते.

आता फिल्म कुठून आणायच्या? सुरुवात ब्लेंडर स्टुडिओपासून करा, म्हणजे ब्लेंडर हे फुकट थ्रीडी ॲनिमेशन सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचाच स्टुडिओ. ‘एलिफंट्स ड्रीम’ (2006, 11 मिनिटं), ‘बिग बक बनी’ (2008, 10), ‘सिंटेल’ (2010, 15), ‘टियर्स ऑफ स्टील’ (2012, 12), ‘कॉसमॉस लाँड्रोमॅट’ (2015, 12), ‘स्प्रिंग’ (2019, 8). झाली 68 मिनिटं. मध्ये श्वास घ्यायला ‘कामिनान्देस’चे दीड ते अडीच मिनिटांचे भाग घाला. या फिल्म्सबरोबर त्यांच्या मूळ प्रोजेक्ट फाइल्सही खुल्या आहेत. ओपन सोर्स म्हणायचं ते त्यासाठी. नुसती ब्लेंडरमध्ये बनवली म्हणून फिल्म खुली होत नाही. 2025 साली ऑस्कर मिळालेली ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच बनली, पण ती तुमच्या महोत्सवात लावायचा हक्क तुम्हाला नाही. हा घोळ फार जण करतात.

आणि ॲनिमेशन दिसलं की ‘लहान मुलांसाठी’ असं पोस्टरवर छापू नका. ‘कॉसमॉस लाँड्रोमॅट’ जिवाला कंटाळलेल्या मेंढ्यापासून सुरू होते. ‘सिंटेल’चा शेवट जड आहे. मुलांना ‘बिग बक बनी’, ‘कामिनान्देस’ आणि ‘स्प्रिंग’ द्या. तिन्हींत संवाद नाहीत, म्हणजे भाषेची अडचणही नाही.

परवाना वाचल्याशिवाय एकही फिल्म यादीत घेऊ नका. बहुतेक मुक्त फिल्म्सचे परवाने क्रिएटिव्ह कॉमन्सचे असतात आणि त्यांच्या अटी छोट्या खुणांनी लिहितात. साधा ‘बाय’ (फक्त श्रेयाची अट) असेल तर श्रेय द्या आणि मोकळे व्हा. ‘एसए’ (शेअर-अलाइक) असेल तर तुमची मराठी सबटायटल टाकलेली आवृत्तीही त्याच परवान्यात द्यावी लागते. ‘एनडी’ (बदल करायचा नाही) असेल तर सबटायटल जाळलेली, म्हणजे चित्रातच कायमची छापलेली, प्रत वाटता येत नाही. फिल्म जशीच्या तशी दाखवा, नाहीतर सोडा. ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) असेल तर फिल्मआधी सराफी पेढीची जाहिरात लावायचा मोह टाळा. प्रायोजकाच्या पैशातून चाललेला महोत्सव अव्यावसायिक म्हणायचा की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा ती फिल्म वगळणं स्वस्त. यूट्यूबवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा जो पर्याय दिसतो तो फक्त ‘बाय’चा आहे. ‘एसए’ किंवा ‘एनसी’ फिल्मला तो लावलात तर तुम्ही नसलेला हक्क वाटताय. तिथं स्टँडर्ड परवाना ठेवा आणि खरा परवाना वर्णनात लिहा.

श्रेय असं लिहायचं: ‘सिंटेल, 2010. निर्मिती ब्लेंडर फाउंडेशन, दुरियन प्रकल्प. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन 3.0. बदल: मराठी सबटायटल, आकार 480पी.’ खाली मूळ पानाची आणि परवान्याची लिंक. ‘बदल’ची ओळ हमखास गळते, आणि ती परवान्याची अट आहे. फिल्मच्या शेवटची नामावली कापू नका, कितीही लांब असली तरी.

खरं काम सबटायटलमध्ये आहे, आणि वेळही तिथंच द्या. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. आपल्याकडचे डीटीपीवाले जुन्या श्रीलिपी, कृतिदेवच्या फॉन्टमध्ये सवयीनं पटापटा टाइप करून देतात आणि ती फाइल प्लेअरमध्ये टाकली की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवा. एएनएसआय राहिलं तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत 32 ते 35 अक्षरं. छोट्या पडद्यावर वेलांट्या-मात्रा एकमेकांत शिरतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त लागतं. कुठलंही वाक्य सेकंदापेक्षा कमी वेळ दाखवू नका.

सबटायटल पुढं-मागं पळत असतील तर आधी ती कशी पळतात ते बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच अंतर असेल तर तुमच्या प्रतीच्या सुरुवातीला एखादी पाटी जास्त किंवा कमी आहे. सगळी फाइल तेवढी सरकवा. अंतर वाढत जात असेल तर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते, चुकलाय. ‘सिंटेल’ 24 फ्रेमची आहे. सबटायटल 25 च्या हिशोबानं बांधली तर 15 मिनिटांच्या शेवटी 36 सेकंदांची तफावत पडते. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्राममध्ये फ्रेमरेट बदलायची सोय आहे. हातानं एकेक ओळ सरकवत बसू नका.

व्हॉट्सॲपच्या प्लेअरमध्ये वेगळी सबटायटल दिसतच नाहीत, त्यामुळे वाटायच्या प्रतीत ती जाळावीच लागतात. जाळताना काही प्रोग्राम देवनागरी अक्षरं नीट जुळवत नाहीत: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षर सुटून हलंत दिसतं. म्हणून आधी ‘ऱ्हास, क्षितिज, विद्यार्थी, दृष्टी’ एवढीच ओळ टाकून दहा सेकंदांचा तुकडा काढा. तो बरोबर आला तरच पूर्ण फिल्म लावा. फॉन्ट ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’, पांढरा, काळ्या काठाचा.

खानदेशातल्या अहिराणीत सबटायटल करायची असतील तर जरूर करा. फक्त ती घरात अहिराणी बोलणाऱ्याकडूनच लिहून घ्या, प्रमाण मराठीला ‘नही’, ‘माले’ जोडून नव्हे. यावल-रावेरच्या लेवा गणबोलीला अहिराणीचं लेबल लावलंत तर पहिली कमेंट तिकडूनच येईल, आणि बरोबरच येईल. डबिंगचा विचार असेल तर मूळ निर्मात्यांनी संगीत आणि ध्वनिपरिणाम वेगळ्या ट्रॅकवर दिलेत का ते आधी बघा. नसतील तर संवाद पुसताना पार्श्वसंगीतही जातं.

फाइल बनवायला हँडब्रेक हा व्हिडिओ बदलायचा प्रोग्राम पुरतो. एच.264, 480पी, व्हिडिओ 800 केबीपीएस, आवाज 96, एमपी4. दहा मिनिटांची फिल्म 67 एमबीच्या आसपास येते. ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर टिक करा, म्हणजे वेबपानावरून बघताना पूर्ण फाइल उतरायची वाट न बघता फिल्म सुरू होते. मूळ प्रतीत 5.1 (थिएटरसारखा अनेक स्पीकरचा आवाज) आणि स्टिरिओ असे दोन ट्रॅक असतील तर स्टिरिओ घ्या; 5.1 वरून उतरवलेल्या आवाजात फोनवर स्फोट ऐकू येतात आणि बोलणं बुडतं. सगळ्या फिल्म्सचा आवाज एफएफएमपेग या प्रोग्रामच्या ‘लाउडनॉर्म’ फिल्टरनं एकाच पातळीला, उणे 16 एलयूएफएसला (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणा, नाहीतर दर फिल्मला प्रेक्षक आवाजाचं बटण शोधतो.

ठेवायच्या कुठं? मुख्य प्रत इंटरनेट आर्काइव्हवर. तिथं जागा फुकट आणि टोरेंट आपोआप तयार होतं. यूट्यूबवर दुसरी, कारण लोक तिथंच आहेत. पण तिथं किमान आठवडाभर आधी खासगी म्हणून चढवा. कॉपीराइट तपासणारं यंत्र मुक्त फिल्मलाही अडवतं. 2014 मध्ये खुद्द ‘सिंटेल’ अशाच दाव्यामुळे काही काळ ब्लॉक झाली होती. आधी चढवलेल्या फाइलवर दावा आला तर परवान्याची लिंक देऊन हरकत घेता येते. लाइव्ह चालू असताना आला तर प्रक्षेपण मध्येच तुटतं. पीअरट्यूब हे खुलं व्हिडिओ व्यासपीठ आम्हाला मनापासून आवडतं, पण तिथं प्रेक्षक एकमेकांना व्हिडिओचे तुकडे पुरवतात (पी2पी), म्हणजे प्रेक्षकाचा अपलोडही वापरला जातो. मोबाइल डेटावर बघणाऱ्याला पी2पी बंद कसं करायचं ते पानावर ठळक सांगा. व्हॉट्सॲपवर वाटताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते आणि सबटायटल पुसट होतात.

वेळ आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासची चांगली. शाळा-कॉलेजचा ताण उतरलेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात. शुक्रवारी सकाळी सगळ्या लिंक एकदम खुल्या करा, रविवारी रात्री साडेआठला तासभर लाइव्ह चर्चा. नवीन चॅनलला पहिल्या लाइव्हची परवानगी मिळायला 24 तास लागतात, तेव्हा फोन नंबरची पडताळणी आधीच उरका. लाइट गेली तर राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस तासभर पुरतो, पण खांबावरचा केबलवाल्याचा डबाही बंद पडतो हे विसरू नका. म्हणून वेगळ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट जोडून, एकदा चालवून ठेवा.

‘एवढं केलंय तर चौकात पडदाही लावू’ असं कुणीतरी म्हणणारच. जाहीर प्रदर्शनाला 1952 चा सिनेमॅटोग्राफ कायदा लागू होतो, आणि फिल्म मुक्त परवान्याची आहे म्हणून सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सुटका होत नाही. पडदा लावायचाच असेल तर परवानगीचं काम फाइल्स बनवायला घेण्याआधी सुरू करा.