घर तुमचंच राहतं, पण सातबाऱ्यावर नावं किती?

गणपतीपासून आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: "गावचं घर म्हणजे झोपलेला पैसा. बँकेकडे तारण ठेवा, किमतीच्या ७० टक्के रक्कम उचला. घर तुमचंच राहतं, व्याज कमी, करात सूट, आणि होमस्टेच्या भाड्यातून हप्ता आपोआप फिटतो." पुतण्याने तो मलाही पाठवला, खाली अंगठा लावून. रत्नागिरी जिल्ह्यात बँकेच्या कर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. म्हणून हे उत्तर.

"घर तुमचंच." आधी सातबारा काढा. त्यावर अजून आजोबांचं नाव असेल, किंवा वारसनोंद झाली असेल तर चौदा-पंधरा नावं: तीन चुलते, त्यांची मुलं, परळची आत्या, आणि एखादे असे काका ज्यांना कोणी चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. लोक ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा घेऊन यायचे आणि ठामपणे सांगायचे, "साहेब, घर माझ्या नावावर आहे." तो उतारा कर आकारणीचा, त्याने मालकी सिद्ध होत नाही. बँकेचा वकील शोध अहवाल काढतो, म्हणजे मिळकत कोणाकडून कोणाकडे आली ते जुन्या नोंदींत तपासतो, आणि सामाईक घर असेल तर प्रत्येक हिस्सेदाराची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे, त्यामुळे "बहिणी काही मागत नाहीत हो" हे बँकेत चालत नाही. माझ्या टेबलावरची निम्मी प्रकरणं इथेच अडकायची.

आणि सगळ्या सह्या झाल्याच, तर त्यानंतर घर तुमचं "राहतं" ते हप्ता जातोय तोवर. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. मग बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि तीही सरली की दिवाणी दावा न लावता ताब्याची कारवाई. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, म्हणूनच बँका बिनशेतीचा आदेश आधी विचारतात. परळच्या आत्याने नुसती सही केलेली असते, पैसा तिने पाहिलेलाही नसतो. पण नोटिशीत तिचंही नाव येतं.

७० टक्क्यांचं लवकर आटोपतो. ते बँकेच्या मूल्यांकनकाराच्या आकड्यावर असतात, दलालाने सांगितलेल्या भावावर नाहीत. जुन्या कौलारू घराची त्याने लावलेली किंमत ऐकून घरमालक रागावलेला मी अनेकदा पाहिलाय.

"व्याज कमी." वैयक्तिक कर्जापेक्षा कमी, हे खरं. पण गृहकर्जापेक्षा सहसा जास्त. २० लाख, १० टक्के, १५ वर्षं धरा: हप्ता साधारण २१,५००, एकूण परतफेड ३८ लाख ७० हजारांच्या आसपास. दर बदलता असेल तर हेही आठवा की मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. शिवाय आंब्याच्या फवारणी-खताला पैसा हवा असेल तर घर कशाला अडकवता? वेळेत फेडलं तर पीक कर्ज ३ लाखांपर्यंत ४ टक्क्यांत पडतं.

करातली सूट तारण काय ठेवलं यावर मिळत नाही, पैसा कुठे घातला यावर ठरते. धंद्यात घातला तर व्याज धंद्याच्या खर्चात दाखवता येतं. मुलीच्या लग्नात घातला तर काही नाही.

आता "आपोआप". एका खोलीचं भाडं रात्रीला २,००० आणि खर्च वजा जाता १,००० हातात, असं धरू. वरचा हप्ता भरायला वर्षाला सुमारे २५८ रात्री भरायला हव्यात. दोन खोल्या असतील तर प्रत्येकी १२९. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, पर्यटक तुरळक. उरलेल्या आठ महिन्यांचे सगळे शनिवार-रविवार धरले तरी सत्तरच रात्री होतात. बाकीच्या मे, दिवाळी आणि नाताळात काढायच्या. अशक्य नाही. पण मे महिन्यात खोल्या कोण अडवतं? आपलेच चाकरमानी! त्यांना भाडं सांगणार आहात का?

२०२०चा उन्हाळा टाळेबंदीत गेला, ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातली छपरं आणि नारळी-पोफळी आडव्या केल्या; पुढच्या वर्षी मे महिन्यातच तौक्ते. टाळेबंदीत हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, पण त्या महिन्यांचं व्याज चालूच राहिलं.

मी या कर्जाच्या विरोधात नाही. नाव एकट्याचं, पगार किंवा चालता धंदा हाताशी, आणि डोक्यावर सावकाराचं किंवा क्रेडिट कार्डाचं महागडं देणं असेल, तर घर तारण ठेवून ते फेडणं शहाणपणाचंच. मालवणात खानावळ चालवणाऱ्या एकाला मी स्वतः ओव्हरड्राफ्ट करून दिला होता. हंगामाआधी उचलायचा, मे संपला की भरायचा, वापरल्या रकमेपुरतंच व्याज. त्याची खानावळ मात्र कर्जाआधी नऊ वर्षं चालू होती.

हे सगळं पुतण्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग करू नको का?" मी विचारलं, "आत्याशी शेवटचं कधी बोललास?" तो आठवायला लागला.