सगळ्याच जळवा रक्त पीत नाहीत
‘जळू म्हटली की ती रक्त पिणारच’ हे जळवांवरच्या लेखातील विधान पटले नाही. युरोपातील ओढ्यांत दगडांखाली राहणारी एर्पोब्डेला ही जळू कीटकांच्या अळ्या आणि कृमी सबंध गिळते, तर ग्लॉसिफोनिया गोगलगाईच्या अंगात सोंड खुपसून आतील द्रव शोषून घेते.

मत्स्यालयासाठी आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर माझ्याकडे एक तांबूस जळू आली होती (बहुधा बार्ब्रोनिया वेबेरी, ही मूळची आशियातील जळू अशाच वनस्पतींसोबत जगभर पोचली आहे). माशांना तिने कधी तोंड लावले नाही. ट्युबिफेक्स कृमी मात्र ती एका टोकाकडून शेवईसारखा आत ओढत असे. हेलोब्डेला ही आणखी एक जळू आपली पिल्ले पोटाशी चिकटवून हिंडते आणि पकडलेले भक्ष्य त्यांनाही खाऊ घालते, याचा लेखात उल्लेखही नसावा याचे आश्चर्य वाटते.