परतीची वेळ कोण ठरवणार?

२०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाठोपाठ पुणे जिल्ह्यातल्या धबधब्यांवर, धरणांवर मनाई आदेश निघाले आणि दर पावसाळ्यातला वाद पुन्हा पेटला: हुल्लडबाजांची शिक्षा ट्रेकर मंडळींना का? फिनलंडमध्ये बसून हे वाचताना वाटतं, वाट उघडी की बंद, एवढ्यावरच दोन्ही बाजू अडकल्या आहेत.

इथला अवघड हंगाम म्हणजे पानगळ संपल्यापासून बर्फ साचेपर्यंतचा. त्यात वाटा सरसकट बंद होत नाहीत. खासगी जंगलातूनही पायी जायचा हक्क सगळ्यांना आहे. फक्त घराचं अंगण आणि उभं पीक टाळायचं. पण हिशेब चालणाऱ्याने करायचा.

पहिला हिशेब उजेडाचा. नोव्हेंबरअखेर हेलसिंकीत दुपारी साडेतीनच्या आत सूर्य मावळतो आणि दाट स्प्रूस झाडांखाली त्याआधीच अंधारतं. ओली पानं मुळं झाकून टाकतात, तिथे ताशी ३ किलोमीटरहून जास्त वेग धरू नये. हेलसिंकीजवळच्या नुउक्सिओ राष्ट्रीय उद्यानातली हाउकान्किएर्रोस ही फेरी सुमारे ४ किलोमीटरची, तरी हाताशी दोन तास हवेत. जमलं तर जंगल आधी, तळ्याकाठ शेवटी, कारण पाण्यावर उजेड जास्त वेळ टिकतो. वारा मात्र तिथे थेट अंगावर येतो, म्हणून विंडचीटर सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवावा.

खरी फसगत होते दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवर. मातीत ऊब उरलेली असते, फळीखालून थंड हवा खेळते. रात्र निरभ्र असेल तर हवा २-३ अंशांवर असतानाही फळीवर हिमाचा पातळ थर धरतो, बाजूची माती ओलीच दिसते. पाऊल छोटं टाकायचं, तळवा पूर्ण टेकवायचा. काठीचं टोक फटीत अडकतं, तेव्हा तिथे काठ्या उचलून घ्याव्यात. बुटांना लावायचे काटे बर्फावर धरतात, नुसत्या ओल्या खडकावर तेच घसरतात.

तळ्यावर धरलेल्या पहिल्या सायीवर तर भरवसाच नको. एका माणसाला किमान ५ सेंटिमीटर कडक बर्फ लागतो. ओढ्याच्या मुखाशी, पुलाखाली किंवा लव्हाळ्यात तो त्याच दिवशी बराच पातळ असू शकतो. किनारा आत वळला असेल तिथे बर्फावरून आडवं न जाता काठाने वळसाच घालावा, कितीही कंटाळा आला तरी.

सुती कपडे घरी ठेवावेत: घामाने भिजले की वाळत नाहीत आणि थांबलं की अंग गारठतं. कोरडे मोजे आणि हातमोजे जास्तीचे हवेत, हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून फोन आणि सुटे सेल आतल्या खिशात. शिकारीचा मोसम चालू असल्याने अंगावर भडक नारिंगी काहीतरी असावं.

हा हिशेब करता येतो, कारण राष्ट्रीय उद्यानात फेरीच्या सुरुवातीला नकाशा आणि लांबी लिहिलेली असते, फाट्यावर पाट्या असतात, झाडांवर खुणा असतात. आपत्कालीन सेवेच्या ११२ ॲपवरून फोन केला तर ठिकाणही आपोआप कळतं. सह्याद्रीत बऱ्याच वाटांवर कातळावरचा एक पुसट बाणच काय तो सोबतीला असतो. अशा वाटेवर माणसाला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे.

तरी इथला कित्ता तिथे जसाच्या तसा गिरवता येणार नाही. सूर्यास्ताची वेळ महिनाभर आधी ठाऊक असते. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस खालच्या ओढ्यात काही मिनिटांत उतरतो, आणि खाली तेव्हा ऊनही असू शकतं. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात धबधब्यांचे डोह आणि ओढ्यांची पात्रं बंद करणं योग्यच आहे, त्यावर ट्रेकर मंडळींनी भांडू नये. पण त्यापायी अख्खा गड महिनोन्‌महिने बंद ठेवणं पटत नाही. ट्रेकर संघटनांनी वन विभागाकडे मागावा तो पायथ्याच्या गावात एक फलक: वाट किती लांब, ओढे किती ओलांडावे लागतात, वरून कितीला उतरायला लागायचं. आणि ठळक अक्षरांत हेही, की जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना कमरेपर्यंत चढलेला असू शकतो. तसा दिसला तर अलीकडेच थांबा, पाणी उतरेपर्यंत.