हरणाच्या शिकारीसाठी जोडीदार कसा निवडावा

धनुष्यबाणाने केलेली हरणाची शिकार संस्मरणीय व्हावी अशी आपली इच्छा असेल, तर हरणाचा विचार सर्वांत शेवटी करावा. हरीण येते किंवा येत नाही. त्यात आपले कर्तृत्व थोडेच असते. शिकार संस्मरणीय ठरते ती नंतर तिचे वर्णन करणाऱ्यामुळे, आणि रानात दोघे जाणार असतील तर वर्णन कोणी करायचे हा प्रश्न बाण सुटण्यापूर्वीच निकालात काढलेला बरा. म्हणून आधी जोडीदार निवडावा, मग धनुष्य, आणि सवड उरली तर नेमाचा सराव करावा.

हा सल्ला अमेरिकेत, विशेषतः विस्कॉन्सिनसारख्या राज्यात, नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आणि कचेरीतल्या सहकाऱ्याचा आग्रह मोडवत नाही अशा मराठी वाचकासाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणावर बाण रोखणे हा गुन्हा आहे. तेव्हा इथल्या वाचकाने हा लेख तिकडे गेलेल्या भाच्याला पाठवून द्यावा आणि स्वतःचा धनुष्याशी संबंध रामनवमीपुरताच ठेवावा. विस्कॉन्सिनने मात्र १९३४ सालीच खास धनुर्धाऱ्यांसाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू केला, आणि आज तो सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतो, म्हणजे नवरात्र आणि दिवाळी दोन्ही त्यात आरामात बसतात. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचे प्रशिक्षण पुरे केल्याचा दाखला लागतो. तो नसेल, तर अनुभवी शिकाऱ्याने नवख्याला हाताच्या अंतरावर ठेवून शिकार शिकवावी, अशी सोय राज्याने केलेली आहे. ही सोय कटाक्षाने टाळावी आणि निमूटपणे दाखला मिळवावा, कारण हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला सगळेच दिसते.

जोडीदाराची निवड करताना त्याच्या स्वभावाआधी त्याच्या सासऱ्याची जमीन पाहावी. पांढऱ्या शेपटीचे हरीण निबिड अरण्यापेक्षा मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांच्या कडेला अधिक रमते, शेजारी ओकची झाडे असली तर त्यांच्या फळांवर ताव मारते, आणि अशी जमीन बहुधा कोणाच्या तरी मालकीची असते. जमिनीची खात्री झाली की नेमबाजी तपासावी. जोडीदार उत्तम नेमबाज नसावा. त्याने सकाळी आठलाच नर पाडला, तर उरलेला दिवस आपल्याला त्याचे हरीण ओढण्यात आणि त्याचे फोटो काढण्यात घालवावा लागतो. तो अगदीच अनाडीही नसावा, कारण आपला बाण लागलाच तर रक्ताचा माग काढायला कोणी तरी जाणकार हवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो मितभाषी असावा. तिकडच्या खेड्यांतली माणसे अबोल असतात असा एक समज आहे आणि तो बिअरच्या दुसऱ्या बाटलीपर्यंत खराही असतो.

या बाबतीत इतिहासाकडून शिकण्यासारखे बरेच आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा उरलेला माणूस सापडला. त्याची सारी जमात गोऱ्या वसाहतवाल्यांनी संपवली होती. इशी या नावाने ओळखल्या गेलेल्या या माणसाला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात ठेवण्यात आले, आणि तिथे त्याच्यावर उपचार करणाऱ्या सॅक्स्टन पोप नावाच्या शल्यचिकित्सकाने त्याच्याकडून धनुष्य घडवण्याची, बाण साधण्याची आणि दबा धरण्याची विद्या घेतली. दोघे जोडीने शिकारही करीत. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोप मागे राहिला. त्याने लिहिले, आर्थर यंग नावाच्या दुसऱ्या सवंगड्याबरोबर शिकारी केल्या, आणि १९६१ साली अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांनी आपली संस्था काढली तेव्हा तिला पोप आणि यंग यांचे नाव दिले. ज्याने शिकवले त्याचे नाव पाटीवर आले नाही. जोडीदार होण्याचा प्रसंग आलाच, तर यांपैकी कोणत्या प्रकारचा व्हायचे हे आपण ठरवावे.

आता धनुष्य. लाकडाचे साधे धनुष्य घेऊ नये. ते पूर्ण ताणून धरले की दंड थरथरू लागतात आणि आपण कोण आहोत हे दोन क्षणांत उघड होते. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन या गृहस्थाला १९६९ साली कप्प्यांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले, तेव्हापासून माणसाच्या या अडचणीवर उपाय निघाला आहे. ७० पौंडांचे असे धनुष्य पूर्ण ताणले की कप्प्या फिरून भार उतरतो आणि हाताला १४ पौंडांच्या आसपासच ओझे पेलावे लागते. त्यावर नेमाच्या रंगीत खुणा, अंतर मोजणारे यंत्र, प्रत्यंचा बोटांऐवजी खटक्याने सोडणारे साधन आणि कंप शोषणारे रबराचे तुकडे बसवावेत, आणि मग जोडीदाराला सांगावे की बंदुकीत काही आव्हान उरले नाही म्हणून आपण या आदिम कलेकडे वळलो. २०१४ पासून विस्कॉन्सिनमध्ये आडव्या धनुष्याचाही, म्हणजे बंदुकीसारखा खटका असलेल्या क्रॉसबोचाही, स्वतंत्र हंगाम आहे. ते वापरणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहावे. प्रत्येक शिकाऱ्याला आपल्यापेक्षा थोडे अधिक यंत्र वापरणारा कोणी तरी लागतोच.

यानंतर येते सोवळे. आपल्या आजीने जे नियम पाळले आणि आपण ज्यांची चेष्टा केली, ते सगळे इथे रोख पैसे मोजून पाळावे लागतात. हरणाचे नाक माणसाच्या नाकापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असल्यामुळे शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुवावेत, घरातल्या कोणी शिवणार नाही अशा घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावेत, शेतावर पोचल्यावरच अंगावर चढवावेत, आणि ते चढवल्यावर पेट्रोल भरायला उतरू नये. मराठी घरात हिंगाच्या फोडणीचा प्रश्न विशेष बिकट असतो. हंगामभर फोडणी बंद ठेवण्याचा प्रस्ताव घरात मांडून पाहण्यास हरकत नाही, मात्र तो जोडीदारासमक्ष मांडू नये. इशीसुद्धा शिकारीआधी मासे आणि तंबाखू वर्ज्य करी आणि पहाटे ओढ्यावर अंघोळ करी, पण त्याला त्यासाठी दुकानात जावे लागत नसे. इतकी शुद्धी साधल्यावर, नोव्हेंबरच्या आरंभी नर माजावर आलेले असताना, माजावर आलेल्या मादीचे मूत्र बाटलीतून विकत आणून बुटांना चोपडावे. यात विसंगती वाटत असेल, तर आपल्याला अजून या छंदाची गोडी लागलेली नाही असे समजावे.

मचाण जमिनीपासून पंधरा ते वीस फुटांवर असते. चढण्यापूर्वी सुरक्षापट्टा बांधावा आणि धनुष्य हातात न घेता चढून ते नंतर दोरीने वर ओढावे. एवढा एक सल्ला गांभीर्याने दिलेला आहे, कारण या छंदात हरणे जितकी पडायला हवीत त्या मानाने माणसे जास्त पडतात. जोडीदार दुसऱ्या झाडावर, आपल्याला दिसणार नाही इतक्या अंतरावर बसतो, आणि ‘तू पाहुणा, तू चांगले मचाण घे’ असे म्हणून त्याने आपल्याला जे झाड दिलेले असते, तिथून वारा नेमका हरणांच्या वाटेकडे वाहत असतो. याबद्दल मनात किल्मिष ठेवू नये. मैत्री करण्याची ही जगातली बहुधा सर्वांत शांत पद्धत असावी: सूर्योदयापूर्वी अर्धा तास दोघांनी दोन झाडांवर चढायचे, दिवसभर एकमेकांशी शब्द बोलायचा नाही, आणि ‘काही दिसले का’ असा संदेश फोनवरून पाठवत राहायचे. भूक लागते तेव्हा खिशात दिवाळीचा उरलेला फराळ असतो. चकली वर्ज्य करावी. बेसनाचा लाडू चालेल.

हरीण आलेच, तर ते आडवे उभे राहून पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबावे, म्हणजे फुप्फुसांची जागा मोकळी होते, असे सगळे जाणकार सांगतात. ते हे सांगत नाहीत, की त्या वेळी आपले गुडघे कोणाचे ऐकत नसतात. बाण सुटल्यावर हिशोब असा असतो: वीस यार्ड म्हणजे साठ फूट, बाणाचा वेग सेकंदाला सुमारे ३०० फूट, आणि आवाजाचा त्याच्या साडेतीन पटींहून अधिक. प्रत्यंचेचा टणत्कार हरणापर्यंत सेकंदाच्या अठराव्या भागात पोचतो आणि बाणाला पाचवा भाग लागतो. एवढ्या फुरसतीत सावध हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. दशरथ आवाजावरून बाण मारत असे. हे आवाजावरून बाण चुकवते. बाण चुकला, तर पुढचे काम सोपे आहे: तो गुपचूप शोधून, पुसून भात्यात ठेवावा आणि जोडीदाराला ‘काही दिसले नाही’ असा संदेश धाडावा.

बाण लागला तर मात्र जोडीदाराला बोलवावेच लागते, आणि आतापर्यंत त्याच्याविषयी जे काही म्हटले ते इथे बाजूला ठेवावे लागते. बाणाने हरीण जागच्या जागी क्वचितच पडते. ते रक्त वाहून मरते, आणि मरण्याआधी धावते. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचे, काळपट रक्त यकृताचे, आणि बाणाला हिरवट घाण व वास असेल तर पोटाचे. फुप्फुसाला लागला असेल तर अर्धा तास थांबावे. पोटाला लागला असेल तर कित्येक तास, कधी सकाळपर्यंत, कारण घाईने मागे लागले की ते जखमी जनावर उठून आणखी दूर जाते आणि सापडतच नाही. अशा रात्री जो माणूस थंडीत गुडघ्यांवर बसून विजेरीच्या उजेडात पानापानावरचा थेंब शोधतो, प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत पुढे सरकतो, आणि ‘नेम कसा धरला होतास’ असे एकदाही विचारत नाही, त्याला दिवसा चांगले झाड स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार आहे.

हरीण सापडले की शिंगांकडे वळावे. पोप आणि यंग यांच्या नावाच्या त्या संस्थेच्या नोंदवहीत साध्या घडणीच्या शिंगांच्या सगळ्या मापांची बेरीज किमान १२५ इंच भरावी लागते आणि मोजण्यापूर्वी शिंगे साठ दिवस सुकू द्यावी लागतात. हे साठ दिवस वर्णनकाराला मोलाचे असतात; या काळात शिंगे सुकून किंचित आकसतात आणि गोष्टीत वाढत जातात. सरकारी नोंदणी मात्र हरीण हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. विस्कॉन्सिनच्या हरणांत २००२ साली मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग सापडला असल्यामुळे नमुना तपासणीला द्यावा आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवावे. तेवढ्या अवधीत महाराष्ट्र मंडळातल्या कोणी रश्श्याची चौकशी केली, तर तपासणीचे कारण पुढे करावे. जोडीदाराला मात्र त्याचा वाटा न मागता द्यावा, आणि पुढच्या हंगामासाठी तो बोलावील तेव्हा वाऱ्याची दिशा आपली आपण पाहून घ्यावी.